बाराची घंटा

ट्रॉय (अमेरिका), १४ जानेवारी, संध्याकाळ

आज परत तेच! फ्रान्समधल्या त्या एवढ्याशा शेतकरी गावाच्या डेअरीचं सॉफ्टवेअर बंद पडलं, म्हणून पहाटे उठून फोन लावला. तिथल्या मॅनेजरबाई एरर नंबर वाचून दाखवत होत्या, तेवढ्यात तिकडे चर्चची बाराची घंटा वाजली; इथे पहाटेचे सहा. "जेवायची वेळ झाली, दोननंतर बोलू." ठेवला फोन! निम्माच नंबर सांगून!

पुण्यात वाढले मी, दुपारी दुकान बंद हे मला नवीन नाही. पण अख्खं गाव?

त्यांच्या दोननंतर फोन लावला तर बाई विचारतात, "तुमच्याकडे घंटा नाही वाजत? तुम्ही जेवता कधी?"

इतका राग का आला मला? त्या घंटेचा?

आत्ता बॅगेतून डबा काढला. सकाळी भरला तसाच आहे.