जासईच्या घराचा आयपी

५ जानेवारी, रविवार
जासईच्या घरात कॅमेरे बसवून आलो. आई गेल्यापासून बाबा एकटेच. आता इथे कामोठ्यात बसून त्यांच्यावर चोवीस तास लक्ष. मनिषा म्हणाली, "दादा, त्यापेक्षा दर रविवारी ये." धाकट्या बहिणींना टेक्नॉलॉजी कळत नाही.

६ जानेवारी
ऑफिसातून लावून पाहिलं. काही दिसत नाही. कॅमेरावाला म्हणतो, कंपनीचं ॲप घ्या. म्हणजे माझे वडील आधी परदेशातल्या सर्व्हरवर जाणार! नको. थेट बघणार.

९ जानेवारी
जासईच्या नेटवाल्याला, प्रितमला, झापलं. तो म्हणतो, राउटरचा आयपी, नेटवरचा पत्ता, दहापासून सुरू होतो, म्हणजे प्रायव्हेट. सगळ्या गावाला मिळून बाहेरचा पत्ता एकच. आतून बाहेर जाता येतं. बाहेरून येणाऱ्याला मात्र नेमकं घर सापडत नाही.
म्हणजे जासईत माझ्या बापाच्या घराला स्वतःचा पत्ता नाही! सोडणार नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
बाबांचा फोन. "तिलगूल घ्यायला ये." सांगितलं, कम्प्लेंट लिहितोय, तुमच्यासाठीच. म्हणाले, "कॅमेऱ्यान काय बगतंस? मी हाय ना हितं." मुद्दाच कळला नाही त्यांना.

२३ जानेवारी
जिंकलो! पब्लिक आयपी देतायत. पण कनेक्शन बाबांच्या नावावर, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येणार, आणि बाबा फोन उचलत नाहीत. हट्टीपणा. मीच जाणार होतो, पण न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरांनी रस्ता जाम असतो. उरणहून मनिषाला पाठवतो. तिला सवय आहे.

२५ जानेवारी
मनिषाचे सारखे फोन. घेतले नाहीत, ओरडणार हे माहीत होतं. प्रितमचा मेसेज आला : काम झालं, उद्यापासून चालू. पाठपुरावा लागतो, तो मी केला.

२६ जानेवारी, सकाळी
दिसलं! चित्र एकदम स्वच्छ. स्वयंपाकघर : भांडी पालथी, कुणी नाही. खोली : गादी गुंडाळलेली. ओटी : दाराला बाहेरून कुलूप.
मनिषाला फोन केला. बाबा तापाने फणफणले होते, उठवत नव्हतं. तिने उचलून उरणला नेलं. आता तिच्याकडेच राहणार.
मी म्हटलं, मला कळवायचं तरी. ती म्हणाली, "किती फोन केले, दादा?"
बाबांना दे म्हटलं. मागून त्यांचा आवाज ऐकू आला, "ऱ्हाऊ दे. त्याला काम असल."
दुपारपर्यंत घर बघत बसलो. चित्र एकदाही अडकलं नाही.