तटावरची फेरी

२१ सप्टेंबर
पोचले बाई एकदाची यॉर्कला! खोली म्हणजे खुराडं आहे, पण खिडकीतून जुन्या शहराचा तट दिसतो, त्यामुळे घरमालकाचे सगळे गुन्हे माफ. घरात दुसरी मुलगी दिया, लंडनमधल्या पिनरची. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी मजेशीर. म्हणाली, "माझा आजी मस्त थालीपीठ करतो." आमचं लगेच जमलं.

अण्णांना व्हिडिओवर तट दाखवला. साताऱ्यात बसून प्रश्नांची सरबत्ती! बुरूज किती, तोफा कुठे गेल्या, आतल्या बाजूला कठडा का नाही. दरवाजाला इथे 'बार' म्हणतात म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, आईला सांगू नकोस. उन्हाळ्यात येणार आहेत. तटावरून आख्खी फेरी मारायची, मगच चहा. लहानपणी आम्ही बापलेक अजिंक्यताऱ्यावर जायचो, तेव्हा त्यांचा एकच नियम असायचा, गडावर हात सोडायचा नाही. वैभू, तू तेवीस वर्षांची घोडी झालीस तरी इथेही तोच नियम, असं आत्ताच बजावून ठेवलंय.

१२ ऑक्टोबर
रुटीन बसलं. लेक्चर, लायब्ररी, शनिवारी कॅफेत काम. जुन्या भिंतींचा चुना ओळखायला शिकतेय, हे वेड अण्णांचंच. रोज सकाळी त्यांचा फोन. मी चहा पिते, ते तिकडे जेवून सुपारी कातरत असतात. अडकित्त्याची कट् कट् ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

४ नोव्हेंबर
अण्णा गेले. हार्ट अटॅक. काल तर विचारत होते, पायमोजे घालतेस ना?
आई म्हणाली, तू पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल, येऊ नकोस. मी ऐकलं. का ऐकलं मी?

१३ नोव्हेंबर
दहावा. शशीकाकांनी, अण्णांच्या धाकट्या भावानं, घाटावरून व्हिडिओ लावला. कावळा पिंडाला शिवेना. काकांनी आईला सांभाळायचा शब्द दिला, आईनं सांगितलं मी धीरानं राहीन, पण कावळा ढिम्म. मग काका म्हणाले, वैभू, तू बोल. मला रडू फुटलं. "अण्णा, तुम्ही इकडे या. आपण तटावरून फेरी मारू." तोंडातून शब्द गेला आणि कावळा झपकन शिवला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मलाही.

२० नोव्हेंबर
सकाळी चहा टाकला आणि पाठीमागे कट् कट्. वळले तर खुर्चीत अण्णा, मांडीवर अडकित्ता. खोटं कशाला लिहू, घाबरले नाही, हरखले. दोन कप भरले. त्यांनी एवढंच विचारलं, फेरी कधी?
म्हटलं, पाऊस आहे, बघू. फेरी झाली की ते जाणार, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? मग घाई कशाला?

२ डिसेंबर
रोज येतात. रोज तोच प्रश्न. मी रोज नवं कारण काढते. वारा आहे, सबमिशन आहे, पाय दुखतोय. दियाला ते दिसत नाहीत. पण ती म्हणते, किचनमध्ये सारखं काहीतरी जळतंय. खुर्चीखाली राख पडते. ती उठायच्या आत मी पुसून टाकते.

९ डिसेंबर
चेहरा काळवंडलाय. एक कान राहिला नाही. तरी सुपारी कातरतात —
आईचा फोन. तिच्या स्वप्नात अण्णा येतात, तापल्या कातळावर अनवाणी उभे. म्हणतात, पोरगी जाऊ देत नाही.
मी जाळतेय त्यांना. रोज, चहा पाजून —

१० डिसेंबर
दियानं मला हलवलं. "वैभवी, तू कुणाशी बोलतेस? तो खुर्ची रिकामा आहे."
ठरलं. उद्या फेरी. कसं जगू मग —

११ डिसेंबर
तटावर, बाकावर. चिटपाखरू नाही. निघालो तिथला बुरूज पुन्हा समोर आलाय. उजवा हात अण्णांनी धरलाय, डाव्यानं लिहितेय. हात भाजतोय —

म्हटलं, अण्णा, झाली फेरी. जा आता. मी राहीन नीट. पायमोजे घालीन —

उठलेत. जिन्याकडे नाही — कठडा नाही त्या बाजूला —

म्हटलं, सोडा ना अण्णा —

हसले. "गडावर हात सोडायचा नाही, वैभू."

मी सोडलाय. त्यांनी —