भात, ५६ अंश

सोम. ३ नोव्हें.

जे झालं ते क्रमाने.

१. गुरुवारी (३०) दुपारी १.१० ला पाण्याच्या टाकीमागे सुमनकाकूंच्या खानावळीत जेवलो. मी आणि आमच्या मीटर तपासणीच्या लॅबमधला प्रशांत.
२. भात कोमट वाटला. सकाळी एका कारखान्याची भट्टी तपासून थेट तिथे गेले होते, बॅगेत तापमानाचा मीटर आणि माझा प्रोब, म्हणजे त्याला जोडायची सुई, होता. प्रोब धुऊन भातात घातला. ५६.
३. गरम अन्न ६० च्या वर ठेवायचं असतं.
४. संध्याकाळी प्रशांतचं पोट बिघडलं. शुक्रवारी तो रजेवर.
५. शुक्रवारी माझ्या यादीत काकूंच्या ओळीत लिहिलं : 'भात ५६ अंश. हवा ६०+. एक जण आजारी. तूर्त टाळा.'
६. यादी दर शुक्रवारी ऑफिसच्या ग्रुपवर टाकते. तशी टाकली.
७. रविवारपर्यंत ती कुपवाड एमआयडीसीतल्या निदान चार ग्रुपवर पोचली. मी पाठवली नाही.
८. आज दुपारी खानावळीसमोरून गेले. आत गेले नाही. दारातल्या फळ्यावर एकतीस नावं. चोवीस नावांपुढे फुल्या.

फुली म्हणजे खाडा. ज्याला यायचं नाही त्याने सकाळी नऊच्या आत कळवायचं, काकू नावापुढे खडूने फुली मारतात आणि तेवढे तांदूळ कमी धुतात. कळवलं नाही तर ताट वाढलं जातं. त्या खानावळीत नियम एवढा एकच.

२ ते ५ मध्ये चूक सापडत नाही. तरी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने गेले.

मंगळ. ४

दुपारी विश्रामबागला काम. पोळीभाजी केंद्र, उभ्याने खाणे. पोळी चिवट, वांग्यात तेल. बसायला जागा नाही. यादीत लिहायला मोबाईल काढला आणि परत ठेवला.

यादीत बावीस ठिकाणं आहेत. दीड वर्षापूर्वी लोणंदहून आले तेव्हा सुरू केली. खोलीवर स्वयंपाकाला परवानगी नाही, जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटं. रकाने : चालत किती मिनिटं, भाकरी मिळते का, भाजी रोज बदलते का, पाणी, आणि शेवटचा, एकट्या मुलीला बसता येतं का. या शेवटच्या रकान्यात 'हो' फक्त तीन. त्यातलं पहिलं काकूंचं.

पहिल्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसत होते. काकू म्हणाल्या, "आत बस पोरी, पंख्याखाली. भायेर आमचं मेजर बसत्यात. त्येंनी लढाई सुरू केली की तुझी आमटी गार हुईल."

मेजर म्हणजे त्यांचे यजमान. फौजेत सुभेदार होते, इथे सगळे मेजर म्हणतात.

रमजानच्या आदल्या दिवशी खाडे सांगायला गेले तर माझ्या नावापुढे फुली आधीच होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचाच फोन. "रुक्साना, आजपास्नं ताट ठेवू न्हवं?"

हे यादीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

गुरु. ६, सातारा

एका कारखान्यात ओव्हन तपासायला. सकाळची एसटी, साडेदहाला पोच. जेवण पोवई नाक्याच्या अलीकडे एका घरगुती ठिकाणी. मेथी चांगली, ज्वारीची भाकरी गरम. एकटीला बसता आलं. नोंद केली नाही.

ओव्हन थंड व्हायची वाट बघताना तिथला फिटर बोलत होता.

"मॅडम, सांगलीची ती जेवणाची यादी तुमचीच ना? आमच्या ग्रुपवर बी आली. लय भारी. टाकीमागल्या त्या बाईकडं चौघांस्नी विषबाधा झाली म्हणं."

"एक जण आजारी होता," मी म्हणाले. "विषबाधा असं लिहिलेलं नाही."

"त्येच की ओ. आमी आता सांगलीला आलो तरी तिकडं जात न्हाई."

मग मीटर चालू केला. कोपऱ्यात 'जे'.

या मीटरवर आधी प्रोबचा प्रकार निवडावा लागतो. जे किंवा के. बंद केला तरी शेवटचं सेटिंग तसंच राहतं. ३० तारखेच्या भट्टीचा प्रोब जे होता. माझा स्वतःचा के. त्या दिवसानंतर मीटर मी हातात घेतलेला नव्हता. म्हणजे भातात के प्रोब घातला आणि मीटर जे समजून वाचत होता.

फिटर : "काय झालं मॅडम? बिघडलं का?"
"नाही. मीटर ठीक आहे."

सेटिंग बदललं. ओव्हन तपासला. रीडिंग तीनदा घेतली, एरवी दोनदा घेते.

परतीच्या एसटीत आकडेमोड केली. कऱ्हाडपर्यंत उत्तर आलं होतं. सांगलीपर्यंत पुन्हा पुन्हा तेच करत राहिले.

शुक्र. ७

लॅबमध्ये पातेलीत पाणी उकळलं. के प्रोब, मीटर जे वर. पाणी खदखदत होतं आणि मीटर ८३ दाखवत होता. मीटर के वर : ९८. सांगलीच्या उंचीला पाणी तेवढ्यावरच उकळतं. बरोबर.

कमी तापमानाला फरकही कमी पडतो, त्या प्रमाणात भाताला लावला. ५६ नव्हे, ६३.

भात पास होता.

भट्टीचा रिपोर्टही काढून बघितला. तो बरोबर आहे, तिथे जेच हवा होता. चूक फक्त भातात.

प्रशांतला विचारलं, त्या दिवशी जेवणानंतर काय खाल्लंस? आधी काही नाही म्हणाला. मग म्हणाला, "घरी जाताना उसाचा रस प्यालो. दोन ग्लास. बर्फ घालून." हे आधी का नाही सांगितलंस? "तू विचारलंच नाहीस. तू भातात सुई घातलीस, मला वाटलं भातच."

आज यादीचा दिवस. काकूंची ओळ काढून टाकली. कारण लिहिलं नाही. यादी पाठवली.

कारण लिहायला हवं होतं. दहा मिनिटं टाइप करून पुसत होते. शेवटी पुसलेलंच ठेवलं.

शनि. ८

साहेबांना सांगितलं. लॅबचे प्रमुख आहेत, त्यांना कळायला हवं. शांतपणे ऐकून घेतलं.

"आपण लोकांच्या मीटरला सर्टिफिकेट देतो. आपलीच इंजिनिअर सेटिंग बघत नाही, हे चार ग्रुपवर जाऊ द्यायचं? ओळ काढलीस ना? संपलं. त्या बाईंना तोंडी सॉरी म्हण हवं तर. लेखी काही नको. डिसेंबरात तुझं कन्फर्मेशन आहे."

मी "हो सर" म्हणाले.

जेवले नाही. बिस्किटं.

अम्मीचा फोन. जेवलीस का, कुठे जेवलीस, हे दोन प्रश्न रोजचे. आज खोटं सांगितलं : काकूंकडे. अम्मी : "बरं झालं. ती बाई नीट वाढते तुला."

सोम. १०

सकाळी ग्रुपवर तीन मेसेज, तिघांचा प्रश्न एकच. टाकीमागच्या खानावळीची ओळ दिसत नाही, ती बंद झाली का? खाली कोणीतरी उत्तर दिलं होतं : झाली वाटतं.

म्हणजे माझ्या पहिल्या ओळीने लोक थांबले आणि ओळ काढल्याने त्यांच्या लेखी खानावळच बंद झाली.

साडेतीनला गेले, जेवणं आटोपल्यावर. फळ्यावर सत्तावीस फुल्या. वीस नावं पलीकडच्या कारखान्यातल्या ट्रेनी मुलांची, त्यांच्या सुपरवायझरने एकदम कळवलेली. माझ्या नावापुढे फुली नव्हती.

मेजर बाकावर. लढाई वगैरे काही नाही.

"या. आमचं कोर्ट मार्शल झालं, माहिताय का तुमास्नी? आन आरोपीला बोलावलंच न्हाई."

एरवी मला 'तू' म्हणतात.

काकू आत परात घासत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. मीटर, सेटिंग, ५६, ६३, उसाचा रस. सरळ, क्रमाने. थांबल्या नाहीत, घासत राहिल्या.

"झालं सांगून?"

"हो."

"हे मला सांगून काय उपेग? म्या भात बगितला हुता. वाफ निघत हुती त्येच्यातनं. मला ठावं हाय. ज्येंला सांगितलंस त्येंला सांग की."

काकूंनी परातीवर पाणी ओतलं.

"तू सुई घातलीस तवा मी बगत हुते. म्हनलं शिकलेली पोरगी हाय, काय तरी बगत आसंल. इचारलं आस्तंस तर पातेलं उघडून दावलं आस्तं. तू इचारलं न्हाईस. भात खाल्लास, वर ताक मागितलंस आन गेलीस."

ताक मागितलं होतं. खरं आहे.

मग परात उपडी घातली आणि कट्ट्यावरचं झाकलेलं ताट उघडलं. दोन भाकरी, मटकी, भात, वाटीत ठेचा. सगळं गार झालेलं.

"ह्ये तुजं. नऊ दिस झालं, आयतवार सोडून रोज वाढून ठेवतीया."

"का?"

"का म्हंजे? तू खाडा कुटं कळवलास?"

ट्रेनी मुलांनी कळवलं. प्रशांतने कळवलं. ज्यांनी फक्त यादी वाचली त्यांनीही नऊच्या आत फोन केले. मी नाही केला. 'टाळा' लिहिणारीने स्वतःचा खाडा कळवला नाही. नऊ दिवस दोन माणसांचं घर संध्याकाळी माझं गार ताट खात होतं.

निघताना मेजर म्हणाले, सुपरवायझर पंधरा तारखेला ठरवणार. ही वीस पोरं कँटीनच्या ठेकेदाराकडे गेली तर महिनाअखेर कुलूप, मग आटपाडीला गावी. "आमचं काय, आमी पेन्शनवालं. हिला मातर हितंच बरं वाटतंय. चार लोकं जेवून उठली की हिचं पोट भरतं. तिकडं गावाला कुनाला वाढनार?"

काकू आतून : "आवं, गप बसा. तिला काय सांगताय."

मंगळ. ११

८.४० ला फोन करून खाडा कळवला. मेजरांनी घेतला. "कारण?" म्हणाले, मग स्वतःच, "कारण लागत न्हाई," आणि ठेवला.

९.१५ ला ग्रुपवर टाकलं. मजकूर :

'३१ ऑक्टोबरच्या यादीत सुमनकाकूंच्या खानावळीबद्दल मी लिहिलेली ओळ चूक होती. मीटरचं सेटिंग मी तपासलं नव्हतं. भात ५६ नव्हे, ६३ अंश होता, म्हणजे योग्य. आजारी पडलेल्या सहकाऱ्याने त्या दिवशी बाहेर बर्फाचा रसही घेतला होता, त्यामुळे खानावळीचं नाव घ्यायला आधार नव्हता. ओळ काढली ती खानावळ बंद झाली म्हणून नव्हे, मी चुकले म्हणून. खानावळ चालू आहे. ही दुरुस्ती जिथे जिथे यादी पाठवलीत तिथे पाठवा.'

खाली नाव आणि पद. पाठवण्यापूर्वी पाच वेळा वाचलं. प्रत साहेबांना.

साहेब : 'उद्या भेट.'

दुपारी सुपरवायझरच्या केबिनमध्ये. सेटिंगचा फरक मोबाईलवर काढलेल्या फोटोंवरून दाखवला, ८३ आणि ९८. त्याने फोटो बघितले, कमी. मला बघितलं, जास्त.

"मॅडम, तवा बी आकडाच दावला हुतासा. आता बी आकडाच दावताय. मी कंचा धरू?"

मी मोबाईल बाजूला ठेवला. म्हणाले, पोरांना एक दिवस पाठवा, तुम्ही स्वतः या, जेवून ठरवा. 'बघू' म्हणाला.

बुध. १२

साहेब. आवाज चढवला नाही. कन्फर्मेशन तीन महिने पुढे. "चूक प्रामाणिक होती, पण सांगितलेलं ऐकलं नाहीस." दोन्ही बरोबर आहे. सही केली.

ग्रुपवर दुरुस्तीला सहा अंगठे. एकाने लिहिलं, 'कशाला वाढवता, जाऊ द्या.' यादी चार ग्रुपवर गेली होती. दुरुस्ती एकावर गेल्याचं कळलं.

प्रशांत आज काकूंकडे जेवला. "गर्दी नव्हती. भात गरम होता, पोळला मला." काकू काही म्हणाल्या का? "माझ्या पोटाचं विचारलं." आणि? "तुझं नाही विचारलं."

मी मिरजेत. स्टेशनजवळ बिर्याणी. चांगली असावी. अर्धी ठेवली.

गुरु. १३

खाडा कळवला, ८.३५. पुन्हा मेजर. आज कारण विचारलं नाही.

फळा लांबून बघितला. तेवीस फुल्या. ट्रेनी मुलांच्या वीस तशाच.

काल संध्याकाळी दोनदा काकूंना फोन केला. उचलला नाही. समोर उभी राहिले की मी रीडिंग सांगते तसं सांगते, म्हणून लिहून दिलं. वहीचं एक पान. मेजरांच्या हातात दिलं, साडेतीनला. त्यांनी चष्मा शोधला, मग म्हणाले, "माजं न्हाई ह्ये," आणि न वाचता आत नेलं.

नक्कल इथे ठेवते.

'काकू,
तुम्हाला न विचारता तुमच्या ताटात प्रोब घातला आणि तुम्हाला न सांगता लोकांना सांगितलं. मीटरची चूक नंतरची. ही आधीची.
दुरुस्ती लिहिली आहे, सुपरवायझरना भेटून आले आहे. ते शनिवारी काय ठरवतील ते माझ्या हातात नाही.
नऊ दिवस कळवलं नाही, ताट वाया गेलं. मंगळवारपासून रोज कळवते आहे.
यादी बंद केली आहे. मला तुमच्याकडे जेवायचं आहे. खानावळ महिनाभरच राहिली तर महिनाभर. तुमची इच्छा नसेल तर येणार नाही, दारावरूनही जाणार नाही.
सोमवारपासून माझं ताट ठेवणार की माझ्या नावापुढे फुली मारणार, एवढं शनिवारी सकाळी नऊच्या आत कळवा.
रुक्साना'