रद्दीच्या विटा गंगाबाईंना दिल्या

आखाडा बाळापूर, मंगळवार संध्याकाळ

रद्दीच्या लगद्यात सिमेंट कालवून विटा पाडायला लागून वर्ष होत आलं, पण घरासाठी कुणी मागितल्या त्या आज पहिल्यांदाच. तांड्यावरच्या गंगाबाई आल्या होत्या. लेक बाळंतपणाला आलीय, तिला खोली बांधायची म्हणे. एका हातानं वीट उचलून हसल्या. "हलकी हाय. माझ्यानं बी भिंत रचणं व्हईल."

मी आठ दिवस पाण्यात ठेवलेली वीट दाखवली. विरघळली नव्हती, पण कोपऱ्यात अंगठा रुतला. की मीच जास्त दाबला? म्हटलं, "पावसाचा भरोसा न्हाई मला."

"तुमच्या घराला लावताल का?"

तो रुतलेला अंगठा अजून डोळ्यांसमोर आहे. शेवटी मी म्हणाले, बाहेरून पक्क्या विटा लावा, या फक्त आतल्या आडभिंतीला. त्या लगेच "बरं" म्हणाल्या.

टेम्पो भरून दिला. बरोबर केलं का? त्यांना पटलं, की लेकीचे दिवस भरत आलेत म्हणून कशालाही हो म्हणाल्या? विचारायचं धाडस झालं नाही. उद्या तांड्यावर जाऊन त्यांना भिंत रचू लागते. निदान कुठली वीट कुठं बसते ते तरी डोळ्यांनी बघेन.