दगडफोडचा वेताळ

प्रिय संतोष,

वरचा 'प्रिय' सवयीने पडलाय, हुरळून जाऊ नकोस. व्हॉट्सअॅपवर तुला ब्लॉक केलंय आणि ते काढायची माझी इच्छा नाही. तिथे चार ओळी लिहिल्या असत्या तर तू त्यांचा स्क्रीनशॉट स्टोरीला लावून खाली तुटलेलं हृदय चिकटवलं असतंस. कागदाचाही फोटो काढशील म्हणा, पण आधी माझं अक्षर लावत बसावं लागेल तुला.

संध्याताईने आपल्या बँडवरची तिची फिल्म मला दाखवली. अजून पूर्ण नाही, पण 'दगडफोड'चे धिंडवडे निघायला तेवढी पुरे आहे. सातपूरची आपली पत्र्याची शेड, तिथे घामाने निथळत ड्रम बडवणारा राजू, शेजारचा वेल्डिंगवाला दारात येऊन "अरे, मेलं का कोणी?" असं विचारतोय, आणि आपण तिघं पोट धरून हसतोय. ते बघताना मला हसू आलं याचा मला राग आला. पुढे तुझी मुलाखत लागली आणि हसू तिथल्या तिथे विरलं. गिटार मांडीवर घेऊन तू म्हणतोस, हिरामणचा आवाज असा का निघतो ठाऊक आहे? त्याचं रक्तच जंगली आहे. तेही कौतुकाने! अरे, मी तीन वर्षं त्या आवाजासाठी घसा फाडलाय, रक्त थुंकलोय. सुरगाण्याकडून आलो म्हणजे काय वाघाच्या दुधावर वाढलो? तू कॉलेज रोडला वाढलास, म्हणून मी कधी तुझं रक्त काढलं नव्हतं.

ट्रेलरमध्ये तर विंचूरच्या कार्यक्रमातली मारामारीच आहे. गायक गाणं अर्धवट टाकून गिटारवाल्यावर झेपावतो, लोक शिट्ट्या मारतात. बघणाऱ्याला वाटणार, बघा, जंगली रक्त! त्याच्या आधीचे दोन क्षण ट्रेलरमध्ये नाहीत. मी डोळे मिटून गात होतो. लोकांचा आरडाओरडा अचानक वाढला म्हणून वळून पाहिलं, तर तू आमच्या घरचा वेताळाचा मुखवटा तोंडाला बांधून केस उडवत नाचत होतास. मी तुझ्यापर्यंत पोहोचायच्या आत तू मान फिरवलीस, मुखवटा माइकच्या दांड्यावर आपटला आणि कपाळापासून नाकापर्यंत चिरला. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यानंतर मी तुला मारलं, आणि आजही सांगतो, कमी मारलं.

आमच्याकडे बोहाड्याला देवादिकांचे मुखवटे बांधून रात्रभर सोंगं नाचवतात, हे तुला समजावून सांगायची गरज नाही. दोनदा आलायस, संबळाच्या ठेक्यावर पहाटेपर्यंत नाचलायस. कोणाचं सोंग कोणत्या घराकडे हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं, आणि वेताळ आमच्या घराकडे आहे हेही तुला माहीत होतं. होता म्हणायला हवं. तो मुखवटा एरवी माळ्यावर असतो, घरच्या लेकाशिवाय कोणी खाली काढत नाही आणि गावाच्या शिवेबाहेर कधीच जात नाही. बाबांचे गुडघे गेले, त्यामुळे यंदा वेताळ मी नाचवायचा होता. लहानपणापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं रे. स्टेजवर ओरडायचो तेसुद्धा त्याचीच तालीम समजून. विंचूरचा व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर पोहोचला आणि पंच बसले. कोणी नेला, असं विचारताच मी उठून म्हणालो, मी नेला. आता सोंग माझ्या चुलतभावाकडे, पुंजाकडे गेलंय. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी खाताना पाठ करून बसतात.

तू मुखवटा नेलास, त्या दिवसाचंही चित्रण संध्याताईकडे आहे. तू आमच्या दारात, आई सूप घेऊन नागली पाखडतेय. तू म्हणतोस, "भागीआई, हिरामणनेच पाठवलंय मला. वेताळ मागितलाय त्याने." तोंडावरची माशीही न हलू देता. आई घाबरते, म्हणते, "लेकाबिगर कोणी काढीत नाय रं." मग स्वतःच वाट काढते. "पण तूबी माझा लेकच ना? माझ्या हातची भाकर खाल्ली. चढ माळ्यावर." हळद-कुंकू लावते, नारळ फोडते, वेताळाला सांगते की पोरं नेतायत, सांभाळ. तू मान खाली घालून उभा आहेस. लाज वाटली असेल म्हणून मी ते तीनदा बघितलं. तू मोबाइल बघत होतास.

संध्याताई म्हणाली, संतोषला हे कापून हवंय, पण तू म्हणशील ते मी करीन. हे गावाला दाखव, तुझ्यावरचा डाग पुसला जाईल, सोंगही परत मिळेल. खरं होतं तिचं. बाबा त्याच संध्याकाळी माझ्याशी बोलले असते. मी तिला म्हणालो, काप. तुझ्यासाठी कापलेलं नाही, एवढं नीट ध्यानात घे.

आता पत्राचं कारण. राजूकडून कळलं की रविवारी तू कॅमेरा घेऊन आमच्या घरी येणार आहेस. आईच्या पाया पडून सगळं कबूल करणार, म्हणजे खोटं बोलताना तू दिसणार नाहीस, माफी मागताना तेवढा दिसशील, आणि फिल्मला चांगला शेवट मिळेल. येऊ नकोस. आईला आजही वाटतं की मुखवटा मीच मागवला होता. ती मला शिव्या घालते, घरातलं देवपण घालवलंस म्हणते, आणि मी ऐकून घेतो. तू खरं सांगितलंस की तिला कळेल, तिने कोणाला लेक म्हणून माळ्यावर चढवलं. मग ती घरात बसणार नाही, मी ओळखतो तिला. स्वतः पंचांसमोर जाऊन म्हणेल, माझ्या हाताने गेला. मग साऱ्या गावाची बोटं तिच्याकडे वळतील, आणि बाबा कोणाकडे पाठ करून जेवतील ते तूच ठरव. मला तुझी माफी नको, तिलाही देऊ नकोस. तिच्याकडे तुझा नंबर आहे. तुझ्याबद्दल विचारत असते, बोहाड्याला बोलवायला फोन करील. येणार नाही म्हण, आणि मुखवट्याचं विचारलं तर हिरामणनेच मागवला होता असं सांग. एकदा खोटं बोललास, आता तेच जन्मभर बोल.

कोणे एके काळी तुझाच,
हिरामण