सात कप्प्यांचा डबा

आदरणीय अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? माझे दोन्ही ठणठणीत आहेत. तक्रार वरच्या मजल्याची आहे. मुलीचं म्हणणं, मी विसरायला लागलोय. म्हणून मंगळवारी तिने मला दवाखान्यात नेलं. (बुधवार असेल. तिला विचारायला हवं.)

डॉक्टर म्हणाले, विसरणं वयाच्या मानाने थोडं जास्त आहे, पण एकटं राहू द्यायचं की नाही ते रोजची कामं कशी जमतात यावर ठरेल. मग ती कामं तपासणाऱ्या एका बाईंनी मला तिथल्याच एका खोट्या स्वयंपाकघरात नेऊन चहा करायला सांगितलं. आता साखर कुठे आहे हे घरच्याला माहीत. मी पडलो पाहुणा. चार खण उघडले, शेवटी त्यांनाच विचारलं. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. नंतर सात वारांचा सात कप्प्यांचा डबा आणि रंगीत मणी दिले. मणी म्हणजे गोळ्या समजायच्या, रोज एक लाल, दोन पांढऱ्या. मी चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. लाल सगळे एका कप्प्यात, पांढरे दुसऱ्यात, टवका उडालेला बाजूला. इतका नीट लागलेला बटणांचा डबा माझ्या दुकानातही नव्हता. बाई म्हणाल्या, "आजोबा, मग सोमवारी काय घेणार?" मी म्हटलं, "गिऱ्हाईक काय शिवायला टाकतं त्यावर आहे."

तिकडे मुलगी फॉर्म भरत होती. स्वयंपाक पूर्वीसारखा जमतो का? तिने प्रामाणिकपणे 'हो, पूर्वीसारखाच' लिहिलं. (तुझी भावजय होती तोवर मी पाणीसुद्धा हाताने घेतलं नाही, हे तू जाणतेस.) म्हणजे चहात नापास आणि स्वयंपाकात पास. मी बरा की बिघडलेला, हे मला कळेना, आणि बाईंनाही कळलं नसावं, कारण त्या पुन्हा पहिल्या पानावर गेल्या.

बाकी क्षेम. काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. त्या बाई तुला फोन करतील. जुन्या माणसालाही विचारतात म्हणे. कारण मुलगी माझ्यावरच्या मायेपोटी कमी सांगते आणि मी फुशारकी मारतो.

आणखी एक. दोन महिन्यांपूर्वी तुझ्याकडे यायला निघालो आणि भलत्याच गावी उतरलो. तिथल्या स्टँडच्या बाकावरून तुला फोन केला, तू भाच्याला पाठवून मला आणवलंस. कोणाला सांगू नकोस, अशी शपथ घातली होती. ती सुटली समज. बाईंना सगळं सांग. मुलीला मात्र मी स्वतः सांगणार आहे. पत्र मिळताच फोन करून मला तेवढी आठवण कर.