दिनाचं कुंपण आणि येसूचं झोपडं

धामणकर नाका, भिवंडी
१९८७

आईला मलकाचा शालोम.

वाडी दिनाला, विहीर दिनाला, तुझ्या हातचं खाणंपिणं दिनाला, आणि मला काय, नुसतं पोस्टकार्ड!

धाकटी लाडकी, ते मी गिळलं. पण कुंपण सरळ घालायचं म्हणून ती येसूचं झोपडं उठवणार, हे तू किती सहज लिहिलंस गं! तो कोपरा बाबांनीच त्याला राहायला दिलेला. आपल्या माडांवर चढण्यात त्याचा जन्म गेला.

वर लिहितेस, कुंपण झालं की एलियाहू हन्नबीच्या नावाने नवसाचा मलिदा करू. कोणत्या तोंडाने पोहे भिजवणार? गरिबाचा मळा लाटला म्हणून राजाला तोंडावर झापणारा तोच ना तो नबी? बाबा ती गोष्ट सांगायचे तेव्हा दिना झोपायची. तू तर जागी असायचीस!

शेजारच्या माजिदाला सांगितलं तर हसून म्हणते, "तेरेको बहन से जलन है." आहेच. मला वाडी मिळाली असती तर मीही मिरवलं असतं. पण येसूला उठवलं नसतं.

मी बरी आहे. लूमच्या खडखडाटातही झोप लागते आता. तुझा गुडघा कसा आहे? दिना शेक देते, की तेही येसूची बायकोच करते?

झोपडं मोडलं तर तुझ्या मलिद्याला माझा हात लागणार नाही. येसू राहणार की जाणार, एवढंच लिही. येत्या शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायच्या आत उत्तर माझ्या हातात पाहिजे.

तुझी थोरली,
मलका